मुलांना घेऊन चिलापी धरायला जाताना

घरच्यांबरोबर पहिल्यांदाच गळ टाकणार असाल, तर रोहू-कटल्याच्या मागे लागू नका. मोठ्या माशाची वाट बघण्यात पोरं तासाभरात कंटाळतात. त्यापेक्षा चिलापी, म्हणजे तिलापिया, धरा. हा मूळचा आफ्रिकेतला मासा आता आपल्या बहुतेक धरणांत आणि तळ्यांत आहे. भीमेवरच्या उजनीच्या फुगवट्यावर, भिगवण-इंदापूरच्या बाजूला, तर जेवणाच्या ताटात हाच. तो काठाजवळ फिरतो, थव्याने असतो आणि दिवसाउजेडी खातो.

पाणी फार गार असलं की चिलापी सुस्तावते, त्यामुळे ऐन थंडीपेक्षा फेब्रुवारी ते एप्रिल बरा. पावसाळ्यात, माशांच्या विणीच्या काळात, जाऊच नका. धरणातल्या मासेमारीचा ठेका बहुधा सहकारी संस्थेकडे किंवा ठेकेदाराकडे असतो. काठावरच्या मच्छीमारांना विचारूनच बसा. पाण्यावर बाटल्या किंवा थर्माकोलचे तुकडे ओळीने तरंगत असतील, तर खाली कुणाचं तरी जाळं आहे. तिथे गळ टाकायचा नाही.

जागा ओळखायची एक खात्रीची खूण आहे. पाणी ओसरलेल्या काठावर गाळात ताटाएवढे गोल खळगे दिसतात का बघा. ही चिलापीची घरटी. नर ती उकरतो, मादी तिथे अंडी घालते आणि मग ती तोंडात घेऊन सांभाळते. असे खळगे जिथे आहेत, त्याच्यापुढच्या दोन-तीन फूट पाण्यात मासा असणारच. मात्र ओसरलेल्या पाण्याच्या कडेचा गाळ फसवा असतो. वरून वाळलेली पापडी आणि खाली मांडीभर चिखल. मुलांना मुरमाड किंवा खडकाळ काठावरच बसवा. लहानांच्या अंगात लाइफ जॅकेट हवंच. धरणाच्या भिंतीखाली नदीपात्रात बसू नका, पाणी कधीही सुटतं.

प्रत्येकाला 8 ते 10 फुटांची वाळलेली बांबूची काठी पुरे. तिला काठीएवढाच 0.25 मिमीचा तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, बांधा. जास्त लांब ठेवला की मुलांचा गुंता होतो. गळ 10 किंवा 12 नंबरचा. नंबर जितका मोठा तितका गळ बारीक, हे दुकानात लक्षात ठेवा. चिलापीचं तोंड लहान असतं. मोठ्या गळावरचं आमिष ती कुरतडून नेते आणि गळ कोरडाच वर येतो. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून टाका, म्हणजे बोटात घुसला तरी सहज निघतो. गळाच्या वर वीतभर अंतरावर शिशाचा छोटा मणी दाबा, पण दातांनी नाही. शिसं विषारी असतं. दोऱ्यावर तरंगत राहून मासा लागल्याचं दाखवणाऱ्या बुचासाठी जुन्या रबरी चपलेचा करंगळीएवढा तुकडा उत्तम.

बूच आडवं पडलं तर शिसं तळाला टेकलंय, बूच थोडं खाली सरकवा. आमिष तळापासून चार बोटं वर हवं.

आमिषाला गांडूळ चालतं. मुलांना किळस वाटत असेल तर एक वाटी कणीक, दोन चमचे शेंगदाणा पेंड आणि चिमूटभर कापूस पिंजून घाला आणि पुरीच्या पिठापेक्षाही घट्ट मळा. कापसामुळे गोळी पाण्यात सुटत नाही. सैल पीठ पडतं, आणि नवख्यांचा अर्धा दिवस रिकाम्या गळाकडे बघण्यात जातो. गोळी वाटाण्याएवढीच, टोक जेमतेम झाकेल अशी. बसल्यावर ओल्या पेंडीचे लिंबाएवढे दोन गोळे समोर टाका; जास्त टाकलेत तर मासा त्यावरच पोट भरतो.

बूच आधी टकटक हलतं. तेव्हा हात आवरायचा. ते तिरकं सरकायला लागलं किंवा बुडालं की मनगटानेच छोटा हिसका द्यायचा. खांद्यातून ओढलं तर ओठ फाटून मासा सुटतो. वर आलेल्या चिलापीच्या पाठीवरचे काटे उभे असतात. ओल्या फडक्याने डोक्याकडून शेपटीकडे हात नेत ते दाबून धरा. काळपट, मिशांची शिंगी लागली तर मुलांना हात लावू देऊ नका. तिच्या कल्ल्यांमागच्या काट्यात विष असतं. टोचलंच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवा आणि डॉक्टरांकडे जा.

मासा पाण्याच्या बादलीत मरू देऊ नका, लगेच बर्फात घाला. सकाळी उजाडल्यापासून दहापर्यंत आणि चारनंतर मासा खरा गळाला लागतो. मधल्या उन्हात सावलीला बसून साफ करायचं. खवले शेपटीकडून डोक्याकडे काढा. पोटातला काळा पडदा नखाने खरवडून टाका, नाहीतर कडवट लागतं. चिखलाचा वास जायला मीठ आणि चिंचेचा कोळ चोळून पंधरा मिनिटं ठेवा, मग धुवा. दोन्ही बाजूंनी तीन चिरा, त्यांत हळद, तिखट, मीठ, ठेचलेला लसूण, वरून रवा. मध्यम आचेवर एका बाजूला पाच मिनिटं. एकदाच उलटायचं.

निघताना तंगुसाचा वीतभर तुकडाही काठावर ठेवू नका. बगळ्यांच्या, टिटव्यांच्या पायात तो गुंतला की सुटत नाही.