गाडी ‘मिसिंग’ करतेय? कोणता सिलिंडर आणि का, हे कसं शोधावं

गेल्या आषाढातली गोष्ट. समर्थ मंदिरावरून यवतेश्वरचा घाट चढायला घेतला आणि दुसऱ्या-तिसऱ्या वळणावरच गाडीनं दम सोडला. ॲक्सिलरेटर दाबला की पुढं जायच्याऐवजी हिसके, गिअरच्या दांड्याला थरथर, आणि मीटरमध्ये इंजिनाचं पिवळं चित्र उघडझाप करायला लागलं. पावसात गाडी कडेला घेतली, बंद केली, मग रेस न देता उतारानं हळूहळू साताऱ्यात आणली. ज्या गॅरेजात गेलो तिथं बॉनेट उघडायच्या आधीच उत्तर आलं, “मिस मारतीया. चारी कॉइल, चारी प्लग टाकू. तरी नाय गेलं तर इंजेक्टर बघू.” अंदाज निघाला बारा-तेरा हजारांचा. (मिस मारणं म्हणजे एखादा सिलिंडर पाळी आली तरी न पेटणं. प्लग सिलिंडरमध्ये ठिणगी पाडतो, कॉइल त्या ठिणगीला लागणारं व्होल्टेज देते आणि इंजेक्टर पेट्रोल फवारतो.)

गाडी घरी आणली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः शोधायला बसलो. तिसऱ्या सिलिंडरच्या प्लगच्या खोबणीत पाणी साचलं होतं आणि कॉइलच्या टोकाचं रबर चिरलं होतं. बाकी तिन्ही कॉइल ठणठणीत. तेव्हापासून मी भेटेल त्याला एकच सांगतो. आधी कोणता सिलिंडर ते शोधा, मग त्याचा एकेक भाग शेजारच्या सिलिंडरवर लावून बघा, आणि दोष त्या भागाबरोबर सरकला तरच पैसे खर्च करा. खाली सगळं त्याच क्रमानं लिहिलंय.

मिसिंग म्हणजे नक्की काय

चार सिलिंडरचं इंजिन स्लोवर, म्हणजे रेस न देता, साधारण ८०० आरपीएमला (मिनिटाला ८०० फेऱ्या) फिरतं. प्रत्येक सिलिंडर क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणजे मिनिटाला ४०० वेळा. त्यातला एक पेटलाच नाही तर सेकंदाला सहा-सात वेळा इंजिनाचा एक पाय घसरतो. स्टिअरिंगवर हात ठेवला की जाणवते ती थरथर हीच. सायलेन्सरमागं हात धरला तर एकसारखा झोत न लागता मधेच फट्, मधेच रिकामं, असं लागतं. एक लक्षात ठेवा, हल्लीच्या बऱ्याच लहान गाड्यांना तीनच सिलिंडर असतात आणि ती इंजिनं मुळातच थोडी थरथरतात. म्हणून आपल्या गाडीची रोजची थरथर ओळखीची हवी.

सिलिंडर पेटायला तीन गोष्टी लागतात. ठिणगी, पेट्रोल-हवेचं योग्य मिश्रण आणि कॉम्प्रेशन, म्हणजे ते मिश्रण पिस्टननं दाबलं जाणं. शोध याच क्रमानं घ्यायचा, कारण ठिणगीकडचा दोष सगळ्यात जास्त वेळा निघतो आणि तपासायला सगळ्यात सोपा असतो. कॉम्प्रेशनचं दुखणं त्यामानानं कमी, पण निघालं तर महाग.

दिवा लुकलुकत असेल तर गाडी चालवू नका

चेक इंजिनचा दिवा स्थिर जळत असेल तर कुठंतरी दोष नोंदला गेलाय, सावकाश घरी जाता येतं. दिवा उघडझाप करत असेल तर अर्थ वेगळा आहे. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथं पेटतंय. कन्व्हर्टर इतका तापतो की आतली जाळी वितळू शकते, आणि ती बदलायचा खर्च प्लग-कॉइलच्या कितीतरी पट होतो. खंबाटकी चढताना असं झालं तर “माथ्यापर्यंत नेऊ कशीतरी” असं करू नका. कडेला घ्या, पार्किंग दिवे (चारी इंडिकेटर) लावा, गाडी बंद करा.

आधी पाच मिनिटं कागदावर

पाना हातात घ्यायच्या आधी लिहून काढा. थंड इंजिनावर होतं की गरम झाल्यावर? स्लोवर होतं की चढावर? पावसानंतर सुरू झालं का? नुकतंच पेट्रोल भरलं होतं का? गाडी धुतली होती का?

हे उगाच विचारत नाही. स्लोवर मिस मारते आणि रेस दिली की सुधारते, तर मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांच्या) बाजूनं कुठूनतरी जादा हवा ओढली जात असण्याची शक्यता मोठी. स्लोवर बरी असते आणि चढावर, चौथ्या गिअरात दाबली की हिसके देते, तर प्लग किंवा कॉइल. दाब वाढला की ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं आणि कमजोर कॉइल तिथंच हात टेकते. पंपावरून निघाल्यावर लगेच चारी सिलिंडर गडबडले तर इंधनाकडं बघा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते पाणी धरून ठेवतं. टाकीत पाणी जास्त झालं तर इथेनॉल-पाण्याचा थर खाली बसतो आणि गाडीचा इंधनपंप तोच ओढतो.

गाडीला सीएनजी असेल तर तुमच्याकडं फुकटची चाचणी आहे. स्विच पेट्रोलवर टाका. दोन्हीवर सारखीच मिस मारत असेल तर प्लग, कॉइल किंवा कॉम्प्रेशन. फक्त पेट्रोलवर मारत असेल तर पेट्रोलचे इंजेक्टर. फक्त सीएनजीवर मारत असेल तर गॅसचे इंजेक्टर, फिल्टर, रेग्युलेटर बघायचेच, पण लगेच गॅस किटवाल्याकडं पळू नका. गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळं म्हातारा झालेला प्लग पहिल्यांदा सीएनजीवरच उघडा पडतो. मी बघितलेल्या सीएनजी गाड्यांत निम्म्याहून जास्त वेळा नवे प्लग टाकल्यावर काम झालंय. आणि गॅसचा वास येत असेल तर पुढची कुठलीच तपासणी करायची नाही. टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून गाडी मोकळ्यावर उभी करा.

कोणता सिलिंडर?

स्टिअरिंगखाली, गुडघ्याच्या वर, १६ पिनांचं ओबीडी सॉकेट असतं, गाडीनं नोंदलेले दोष वाचायचं. त्यात बसणारा छोटा ब्लूटूथ स्कॅनर ऑनलाइन स्वस्तात मिळतो आणि मोबाइलवर कोड दाखवतो. पी०३०१ म्हणजे एक नंबरचा सिलिंडर, पी०३०२ म्हणजे दोन, असं पुढं. पी०३०० म्हणजे गडबड एकाच सिलिंडरची नाही, इकडं तिकडं होतेय. अशा वेळी एका कॉइलच्या मागं लागण्यात अर्थ नसतो. हवा, इंधनाचा दाब, अशा सगळ्यांच्या सामाईक गोष्टी बघायच्या. इंजिन आडवं बसवलेलं असो की उभं, सिलिंडर एका ओळीत असतील तर बहुतेक वेळा पट्ट्याच्या बाजूचा सिलिंडर एक नंबरचा. तरी आपल्या गाडीचं पुस्तक बघून खात्री करा.

इंजिनाच्या कॉम्प्युटरला सिलिंडर कळतो कसा? क्रँकवर एक सेन्सर असतो, तो क्रँकचा वेग सतत मोजतो. ज्याची पेटायची पाळी होती त्याच क्षणी वेग पडला की कॉम्प्युटर त्या सिलिंडरच्या नावावर एक मिस मांडतो. म्हणजे कोड सांगतो ‘कोण’. ‘का’ ते सांगत नाही. पी०३०३ बघून थेट तीन नंबरची कॉइल विकत घेणं ही मी बघितलेली सगळ्यात नेहमीची चूक.

स्कॅनर नसेल तर इंजिन स्लोवर ठेवून एकेका इंजेक्टरचं कप्लर (वायरीच्या टोकाचा प्लॅस्टिकचा जोड) काढून बघता येतं, हात पोचत असेल तर. चालता सिलिंडर बंद केला की इंजिनाचा आवाज लगेच पडतो. ज्याचं कप्लर काढूनही काहीच फरक पडत नाही, तो आधीपासून मेलेला. जुने लोक यासाठी चालू इंजिनात प्लगची वायर ओढायचे. ते आता करू नका. तिथं हजारो व्होल्ट असतात, जबर झटका बसतो, कॉइल जळू शकते आणि न जळलेलं पेट्रोल पुन्हा कन्व्हर्टरमध्येच जातं. इंजेक्टर बंद केला की पेट्रोलच जात नाही, म्हणून ही रीत बरी.

नुसत्या डोळ्यांनी

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. बॉनेट उघडा, टॉर्च घ्या आणि घाई करू नका.

आधी वायरी. ऊसतोड झाली की शेतातले उंदीर घराकडं सरकतात आणि रात्रभर उभी गाडी त्यांना ऊबदार मिळते. कॉइलची किंवा इंजेक्टरची वायर अर्धी कुरतडलेली असली तरी गाडी चालते, मिस मारत. बॅटरीखाली पाल्याचा चुरा, लेंड्या दिसल्या की वायरींवरून बोट फिरवा. कप्लर काढून आतल्या पिना बघा. २०१९ च्या महापुरात सांगलीत ज्या गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या, तशा गाड्यांत पिनांवर हिरवट थर धरतो. वरून सगळं साफ दिसतं आणि आत करंट पोचत नाही. मग एअर फिल्टरपासून इंजिनापर्यंतचे रबरी पाइप. दाबून, वाकवून बघा, भेग वाकवल्यावरच दिसते. इंजिन चालू असताना सूंऽ असा बारीक आवाज येत असेल तर हवा तिथूनच ओढली जातेय का ते बघा.

कॉइलची अदलाबदल

समजा कोड तीन नंबरचा आहे. इंजिन बंद, चावी काढलेली. कॉइलचं कप्लर लॉक दाबून काढा, खेचू नका, जुनं प्लॅस्टिक तुटतं. कॉइलचा एकच बोल्ट असतो, बहुतेक १० च्या पान्याचा. तो काढून कॉइल जरा डावी-उजवी फिरवत सरळ वर घ्या.

आता ती कॉइल हातात घेऊन खिडकीच्या उजेडात बघा. टोकाला लांब काळं रबर असतं, आत स्प्रिंग. रबर दोन बोटांत धरून हळूच वाकवा. माझ्या कॉइलचं रबर सरळ धरलं तर धडधाकट दिसत होतं. वाकवलं तेव्हा खालच्या बाजूला केसाएवढी चीर उघडली आणि चिरेच्या कडेनं राखाडी-पांढरी रेघ दिसली. ठिणगी प्लगच्या टोकावर न पडता त्या चिरेतून बाजूच्या लोखंडावर उडी मारत होती, आणि खोबणीतलं पावसाचं पाणी तिला वाट देत होतं. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवरही पेन्सिलीनं ओढावी तशी उभी काळी रेघ. ही रेघ दिसली की प्लग पुसून परत लावायचा नाही, बदलायचा.

असं काही दिसलं नाही तर तीनची कॉइल दोनवर लावा आणि दोनची तीनवर. कोड पुसा, दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवा, पुन्हा स्कॅन करा. पी०३०२ आला तर दोष कॉइलबरोबर गेला, एकच कॉइल घ्या. पी०३०३ च राहिला तर कॉइल निर्दोष. पुढं प्लग.

प्लग काय बोलतो

प्लग काढायच्या आधी खोबणीत हवा मारा, नाहीतर खडा सरळ सिलिंडरमध्ये जातो. खोबणीत पाणी असेल तर कापडानं टिपून घ्या. तेल असेल तर टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या सगळ्यात वरच्या झाकणाचं) गॅस्केट किंवा प्लगच्या नळीचं सील गेलंय.

चारी प्लग ज्या क्रमानं निघतील त्याच क्रमानं वर्तमानपत्रावर मांडा. टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर सिलिंडर नीट जळतोय. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमजोर. टोक ओलं आणि पेट्रोलचा वास असेल तर ठिणगीच पडत नाही. तेलकट काळं असेल तर पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलमधून तेल आत येतंय. पांढराफटक, फोड आलेला प्लग म्हणजे इंजिन जास्त तापतंय किंवा पेट्रोल कमी पडतंय. चारीतला एकच वेगळा दिसत असेल तर तुमचं काम अर्धं झालं.

गॅप, म्हणजे प्लगच्या टोकाशी ठिणगी पडते ती फट, फीलर गेजनं (मोजमापाच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. बऱ्याच पेट्रोल गाड्यांत तो ०.८ ते १.१ मिमीच्या दरम्यान असतो, पण आकडा आपल्या गाडीच्या पुस्तकातलाच धरा. सीएनजी गाडीत बहुधा कमी असतो. प्लग बसवताना सुरुवातीचे आटे हातानंच फिरवा. हेड (सिलिंडरांच्या वरचा भाग, ज्यात प्लग बसतो) ॲल्युमिनियमचं असतं, तिरका आटा बसला तर प्लगच्या नादात हेडचं काम निघतं. शेवटचा कस टॉर्क पान्यानं, म्हणजे ठरलेल्या जोरानंच आवळणाऱ्या पान्यानं. प्लगचीही अदलाबदल करून बघायची, कॉइलसारखीच.

ठिणगी ठीक असेल तर

लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजेक्टरवर आणि मूठ कानाला लावा, पंखा आणि पट्ट्यापासून लांब राहून. चालता इंजेक्टर घड्याळासारखा टिकटिक करतो. एकच मुका असेल तर वायर किंवा इंजेक्टर. मल्टिमीटर असेल तर पिनांमधला रेझिस्टन्स चारींचा मोजा. साध्या पोर्ट इंजेक्शनच्या गाड्यांत तो साधारण ११ ते १६ ओहम येतो, आणि मुख्य म्हणजे चारी सारखे यायला हवेत. इंजेक्टर बाहेर काढायचं काम मात्र जाणत्या मिस्त्रीकडं द्या. रेलमध्ये (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत) दाबाखाली पेट्रोल असतं.

इथपर्यंत काही सापडलं नाही तर कॉम्प्रेशन टेस्ट मागून घ्या आणि चारी आकडे कागदावर लिहून मागा. एकट्या आकड्यापेक्षा चारींतला फरक महत्त्वाचा, दहा-पंधरा टक्क्यांच्या वर गेला तर दुखणं आत आहे. कमी भरलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजायला सांगा. आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व्ह. शेजारचे दोन कमी आणि कूलंटही घटतंय, तर हेड गॅस्केट.

डिझेलला यातलं कॉइल-प्लगचं काहीच लागू नाही. तिथं इंजेक्टर, त्यांची रिटर्न लाइन आणि कॉम्प्रेशन एवढंच, आणि रेलमधला दाब अंगाला इजा करण्याइतका असतो. घरी पाना लावू नका.

दुरुस्ती झाली हे कसं ओळखायचं

स्लोवर गाडी शांत झाली म्हणून समाधान मानू नका. कोड पुसा, स्कॅनर लावूनच ठेवा, कोणीतरी शेजारी बसून मोबाइल बघेल असं करा, आणि ज्या चढावर त्रास झाला होता त्याच चढावर, त्याच गिअरात गाडी न्या. बऱ्याच ॲपमध्ये प्रत्येक सिलिंडरच्या मिसची मोजणी दिसते, तुमची गाडी ती माहिती देत असेल तर. मी नवं रबर आणि नवे प्लग टाकून, खोबणी कोरडी करून संध्याकाळी परत यवतेश्वरला गेलो. मुलगा शेजारी बसून आकडे वाचत होता. माथ्यावरच्या शेवटच्या वळणापर्यंत तीन नंबरच्या पुढं शून्यच होतं.