मेंढी राहिली की उलटली, हे तारखेवरून कसे ओळखावे

माण, आटपाडी आणि जत भागात माडग्याळ किंवा दख्खनी मेंढ्यांचे खांड राखणाऱ्यांनी प्रत्येक मेंढी फळल्याची, म्हणजे तिला मेंढा लागल्याची, तारीख वहीत लिहावी. मेंढ्याच्या छातीला तेलात कालवलेला गेरू लावला, की ज्या मेंढीवर तो चढतो तिच्या पुठ्ठ्यावर खूण उमटते. ती रोज सकाळी पाहून कानातील बिल्ल्याचा क्रमांक टिपावा आणि पंधराव्या दिवशी अधिक गडद रंग वापरावा, म्हणजे उलटलेली, म्हणजेच गाभण न राहता पुन्हा माजावर आलेली, मेंढी वेगळी दिसते.

मेंढीचा माज 16 ते 17 दिवसांनी परततो आणि तो का परततो हे समजले, तरच या नोंदीला अर्थ येतो. माजानंतर बीजांडकोशावर पीतपिंड नावाची पिवळसर गाठ तयार होऊन प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक स्रवू लागते. संप्रेरकाचा संदेश पेशीला कळण्यासाठी तिच्यात त्याचे ग्राही, म्हणजे त्याला धरून घेणारे प्रथिन, असावे लागते. दहा-बारा दिवस प्रोजेस्टेरॉनच्या अमलाखाली राहिल्यावर गर्भाशयाच्या अस्तरातील त्याचेच ग्राही नाहीसे होतात, मग तेथे इस्ट्रोजेनचे आणि त्यांच्यापाठोपाठ ऑक्सिटोसिनचे ग्राही वाढतात. ऑक्सिटोसिन त्यांना जोडले गेले, की अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन लाटांनी सुटते, पीतपिंड विरतो आणि माज परततो.

गर्भ नेमका येथेच आडवा येतो. बाराव्या दिवसाच्या सुमारास तो झपाट्याने लांबून धाग्यासारखा होतो आणि त्याच्या बाह्य पेशी इंटरफेरॉन टाऊ नावाचे प्रथिन सोडतात. हे प्रथिन प्रोजेस्टेरॉनचे ग्राही परत आणत नाही. ते अस्तरात इस्ट्रोजेनचे, आणि त्यामुळे ऑक्सिटोसिनचेही, ग्राही वाढू देत नाही. एवढ्याशा जिवाने आपल्या मुक्कामाची सोय अशी स्वतःच करावी, हे मला आजही विलक्षण वाटते. मूर आणि रोसन या संशोधकांनी 1966 मध्ये दाखवले, की बाराव्या दिवसापर्यंत गर्भ काढल्यास माज वेळेवर येतो, पण तेराव्या दिवसानंतर काढल्यास पीतपिंड अधिक काळ टिकतो.

म्हणून मेंढी 17 व्या दिवशी उलटली, तर गर्भ धरलाच नाही किंवा संदेश देण्याआधीच गेला, असे समजावे. अशा मेंढ्या बऱ्याच निघाल्या, तर आधी मेंढा तपासून घ्यावा. ती 22 ते 30 दिवसांच्या दरम्यान उलटली, तर संदेश पोहोचल्यावर गर्भ गेला असण्याची शक्यता अधिक असते. 34 दिवसांनी आलेला माज मात्र बहुधा मधला एक माज नजरेतून सुटल्याचा असतो.

फळल्यानंतरच्या या काळात मेंढ्यांना ट्रकमधून लांब नेऊ नये, लोकर कातरू नये आणि खुराक एकदम वाढवू नये, कारण अति खुराकाने यकृतातून प्रोजेस्टेरॉनचा निचरा वाढतो. फळलेल्या मेंढीला माज जुळवण्यासाठी प्रोस्टाग्लँडिनचे इंजेक्शन कधीही देऊ नये. ते थेट पीतपिंडावर काम करते. जंताचे औषध पशुवैद्यकाला विचारूनच पाजावे, कारण सुरुवातीच्या गाभण काळात अल्बेंडाझोल गर्भाला घातक ठरू शकते. न उलटलेल्या मेंढ्यांची सुमारे 40 दिवसांनी सोनोग्राफी करून घ्यावी.