सिंदखेडराजा : जिजाऊ जन्मोत्सवाला जाताना

सिंदखेडराजा येथे १२ जानेवारीच्या जिजाऊ जन्मोत्सवाला जाणाऱ्याने आधी एवढे ठरवावे की, आपल्याला सोहळा पाहायचा आहे की जाधवरावांच्या काळातील वास्तू. दोन्ही नीट पाहायचे असेल तर एक दिवस पुरत नाही, कारण उत्सवाच्या दिवशी राजवाड्यातील दर्शनाची रांग सतत पुढे सरकत असते आणि भिंतीपाशी घटकाभर थांबणेही अवघड होते. म्हणून ११ तारखेला दुपारपर्यंत पोहोचून वास्तू पाहून घ्याव्यात आणि दुसरा दिवस उत्सवासाठी मोकळा ठेवावा.

हे गाव बुलढाणा जिल्ह्यात, अगदी मराठवाड्याच्या सीमेलगत असल्याने रेल्वेने येणाऱ्यांना जालना स्थानक सोयीचे पडते. नागपूरकडून येणाऱ्यांसाठी समृद्धी महामार्ग आहे, तसाच मेहकरवरून येणारा जुना रस्ताही आहे. गाव लहान असल्यामुळे मुक्कामाची सोय देऊळगावराजा किंवा जालना येथे आधीच करून ठेवावी.

पाहण्याची सुरुवात लखुजीराव जाधवांच्या राजवाड्यापासून करावी. प्रवेशद्वारातून लगेच आत न शिरता थोडे मागे उभे राहून ते वरपर्यंत न्याहाळावे. खालचे घडीव दगडाचे काम आणि वरचे विटांचे बांधकाम असा फरक तेथे डोळ्यांना सहज जाणवतो. आत म्हाळसा महाल आहे, जेथे १५९८ मध्ये जिजाऊंचा जन्म झाला असे मानले जाते. रंगमहालाशी रंगपंचमीला शहाजीराजे व जिजाऊ यांच्या सोयरिकीची जी कथा जोडली जाते, ती गावातील जाणत्या माणसाकडून ऐकावी. मात्र कथा आणि इतिहास यांत अंतर असते, याचे भान ठेवावे.

त्यानंतर लखुजीरावांच्या समाधीकडे जावे. निजामशाहीच्या दरबारात, देवगिरीच्या किल्ल्यावर, १६२९ मध्ये त्यांची मुलांसह व नातवासह हत्या झाली. ही हकीकत माहीत असलेला माणूस त्या भव्य वास्तूत दगडी कोरीवकामापेक्षा जास्त वेळ तेथील समाध्यांपाशी रेंगाळतो. काळाकोटाच्या दणकट भिंती आणि मोती तलावाचा दगडी बांध यांसाठी उन्हे कलण्याची वेळ उत्तम. चांदणी तलाव वेळ उरल्यास पाहावा. पडक्या भिंतींवर चढू नये आणि मुलांनाही चढू देऊ नये, कारण सुटलेला दगड वरून नजरेस पडत नाही.

उत्सवाच्या पहाटे जन्मस्थळी पूजन होते, त्यामुळे सूर्योदयापूर्वीच निघावे. पौषातली थंडी चांगलीच बोचते, पण दुपारी ऊन तापते; म्हणून शाल व टोपी दोन्ही जवळ असू द्यावीत. वाहने गावाबाहेर थांबवली जातात, तेव्हा बरेच चालावे लागेल हे गृहीत धरून जुनी, पायात बसलेली चप्पल घालावी. गर्दीत फोन लागेलच असे नाही, म्हणून चुकामूक झाल्यास कोठे भेटायचे ते ठिकाण घरातल्या सर्वांना आधीच दाखवून ठेवावे.

मुख्य सभा जिजाऊसृष्टीवर भरते. तेथील पुस्तकांचे स्टॉल आवर्जून पाहावेत, परंतु खरेदी परतताना करावी, कारण ग्रंथांचे ओझे खांद्यावर घेऊन दिवसभर फिरणे कोणालाच झेपत नाही. पाण्याची बाटली व घरची भाकरी-चटणी सोबत असल्यास जेवणासाठी रांगेत ताटकळावे लागत नाही. या दिवसांत शेतांत ज्वारीचा हुरडा असतो. परतीच्या वाटेवर कोणी आग्रहाने बोलावले तर अवश्य जावे.