गाडीचा अल्टरनेटर घरीच बदलायचाय? आधी एवढं बघा

बॅटरीचा लाल दिवा लागला की बरेच जण थेट नवीन बॅटरी आणतात आणि दोन दिवसांत ती पण झोपते, कारण ती चार्ज करणारा अल्टरनेटरच (इंजिनच्या बेल्टवर फिरून वीज तयार करणारा पार्ट) गेलेला असू शकतो. म्हणून आधी बॅटरीला मल्टीमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) लावा. गाडी बंद असताना चांगली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते, इंजिन चालू केल्यावर साधारण 13.8 ते 14.5 यायला हवेत. बारावरच अडकलं तर चार्जिंग होत नाहीये. तरी अल्टरनेटरला लगेच बाद करू नका हां, बेल्ट सैल आहे का, फ्यूज गेलाय का, मागचा कनेक्टर नीट बसलाय का ते बघा, गोव्यात मोरजी-हणजूण साईडला समुद्राजवळ गाडी उघड्यावर असली की खाऱ्या हवेने टर्मिनलवर हिरवट-पांढरं जमतं, कधी कधी ते घासून काढलं की दिवा गायब!

इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढून बघायचा जुना प्रकार कोणी सुचवला तर त्याला लांबूनच नमस्कार करा. व्होल्टेज एकदम उसळतं आणि ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) उडू शकतो, मग अल्टरनेटरचा खर्च किरकोळ वाटेल.

सियाझ, एर्टिगासारख्या गाड्यांच्या स्मार्ट हायब्रिड मॉडेलमध्ये स्टार्टर-जनरेटर एकत्र असतो, तो घरी उघडू नका.

आता काम. इंजिन थंड, बॅटरीची मायनस वायर आधी काढायची, कारण अल्टरनेटरच्या मागच्या जाड वायरीत बॅटरीचा करंट कायम असतो, पाना बॉडीला टेकला तर ठिणगी उडणारच. बेल्ट कुठल्या पुलीवरून कसा फिरलाय त्याचा मोबाईलवर फोटो काढा, मगच टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) मागे ओढून बेल्ट उतरवा. कनेक्टरची क्लिप दाबून काढा, नुसतं खेचू नका, प्लास्टिक जुनं असतं, तुटतं. मग जाड वायरीचा नट, मग माउंटिंगचे बोल्ट.

खरा वेळ इथेच जातो. आपल्याकडचा चार महिन्यांचा पाऊस आणि दमट हवा, खालचा लांब बोल्ट ब्रॅकेटमध्ये गंजून असा बसतो की वाटतं वेल्डिंगच केलंय. आदल्या रात्री गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा, सकाळी परत मारा, सहा कोनी सॉकेट घ्या, बारा कोनी घसरून बोल्टचं डोकं गोल करतो. एकदम जोर नको, थोडा सैल, थोडा परत घट्ट, असं करत करत सुटतो. काही गाड्यांत खालूनच हात जातो, तेव्हा नुसत्या जॅकवर विसंबून आत शिरू नका, स्टँड लावा.

नवीन पार्ट बसवण्याआधी जुन्याशेजारी ठेवून पुली, बोल्टची भोकं, कनेक्टर आणि लेबलवरचे ॲम्पियर जुळवा. बसवताना सगळे बोल्ट आधी हाताने फिरवा, मग आवळा. बेल्टला भेगा असतील तर तोही आत्ताच बदला, परत कोण उघडणार! मायनस वायर सगळ्यात शेवटी. चालू करून हेडलाईट, एसी लावा आणि परत व्होल्टेज मोजा, 13.5 च्या वर असलं की जमलं. बेल्ट किंचाळत असेल तर सैल आहे.

जुना लगेच भंगारात देऊ नका, म्हापसा, मडगाव, फोंड्याला ऑटो इलेक्ट्रिशियन असतात, बऱ्याचदा फक्त आतला झिजणारा कार्बन ब्रश किंवा व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेलेला असतो, तेवढं बदलून तो स्पेअर म्हणून ठेवता येतो.