घड्याळ कुठून सुरू केलं, ते आधी विचारा

आगीबरोबर रुग्णांकडेही धावणाऱ्या अग्निशमन दलाच्या वैद्यकीय सेवेच्या अहवालात "सरासरी पाच मिनिटांत पोहोचतो" असं वाचलं की मी समासात पेन्सिलीने दोन प्रश्न लिहिते. कुठून मोजलं? कुठपर्यंत? बारा वर्षं पॅरामेडिक म्हणून गाडीवर काढली आणि आता अशा सेवा तपासते. हे दोन प्रश्न मला एका अकराव्या मजल्याने शिकवले. गाडी वेळेत दारात उभी राहिली, पण लिफ्ट बंद होती. सामान घेऊन जिने चढून मी त्या माणसाच्या छातीवर हात ठेवला, तोवर बराच वेळ गेला होता. नोंदीत मात्र तो कॉल 'वेळेत' बसला. तो माणूस वाचला नाही.

म्हणून दलाने तयार केलेला तक्ता घेऊ नका, नियंत्रण कक्षाच्या मूळ नोंदी मागा. प्रत्येक कॉलला या वेळा हव्यात: फोन वाजला, उचलला, गाडीला सूचना गेली, गाडी हलली, दारात थांबली, माणूस रुग्णाजवळ पोहोचला, रुग्णालयात रुग्ण सोपवला, गाडी मोकळी झाली. रुग्णाजवळ पोहोचल्याची वेळ बहुतेकदा कोरी असते. ती कोरी असणं हाच तुमचा पहिला निष्कर्ष. नियंत्रण कक्षाचं घड्याळ आणि डिफिब्रिलेटरचं, म्हणजे हृदयाला विजेचा शॉक देणाऱ्या यंत्राचं, घड्याळ जुळतं का, तेही पाहा. दोन मिनिटांचा फरक असेल तर पुढचं सगळं गणित फुकट.

सरासरी बाजूला ठेवा. अमेरिकेतल्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेच्या १७१० क्रमांकाच्या मानकात (२०२० ची आवृत्ती) वैद्यकीय कॉलसाठी गाडी हलायला ६० सेकंद, डिफिब्रिलेटर असलेली पहिली तुकडी पोहोचायला २४० सेकंद प्रवास आणि प्रगत उपचारांची (शिरेतून औषधं, श्वासनलिकेत नळी) तुकडी यायला ४८० सेकंद धरले आहेत, तेही ९० टक्के कॉल्समध्ये. हे ९० टक्के महत्त्वाचे, कारण सरासरीत शहराच्या कडेच्या वस्त्या दिसतच नाहीत. प्रत्येक केंद्राचा, प्रत्येक पाळीचा आकडा वेगळा काढा. पण अकरावा मजला या सेकंदांतही येत नाही, तो तुम्हालाच शोधावा लागतो.

हृदय बंद पडल्यावर छाती दाबली नाही आणि शॉकही दिला नाही, तर जगण्याची शक्यता मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. म्हणून फोन घेणाऱ्याचं रेकॉर्डिंग ऐकाच. "श्वास नीट चालू आहे का?" हे किती सेकंदांत विचारलं? छाती कशी दाबायची हे फोनवरच सांगितलं का? बंब येण्याआधीचा उपचार तिथेच सुरू होतो किंवा राहून जातो.

मग परिणाम. १९९० साली नॉर्वेतल्या उटस्टाइन मठात तज्ज्ञ जमले आणि हृदय बंद पडलेल्या रुग्णांची नोंद एकसारखी कशी ठेवायची हे ठरवू लागले. त्या पद्धतीने नोंद आहे का, विचारा. कोसळताना कुणीतरी पाहिलं आणि शॉक देता येईल अशी लय सापडली, अशा रुग्णांपैकी किती जण घरी गेले, हा आकडा दोन दलांत तुलना करता येण्याजोगा. 'हृदय परत सुरू झालं' एवढ्यावर समाधान मानू नका.

पॅरामेडिकची संख्या पाहून भारावून जाऊ नका. कॅनडातल्या ऑंटेरिओत झालेल्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, लवकर शॉक देण्याची चांगली व्यवस्था आधीच असताना प्रगत उपचारांची भर घातल्याने हृदय बंद पडलेल्या रुग्णांचं जगण्याचं प्रमाण वाढलं नाही. मी विचारते, तुमच्या दलातल्या प्रत्येक पॅरामेडिकने गेल्या वर्षी श्वासनलिकेत नळी किती वेळा घातली?

बाकीचे कॉल म्हणजे पडणं, धाप, चक्कर. संख्येने तेच जास्त. त्यातली पन्नास कागदपत्रं चिठ्ठ्या टाकून काढा, रात्रीची मुद्दाम घ्या, आणि पूर्ण वाचा. पक्षाघाताचा संशय लिहिलाय, पण रक्तातली साखर मोजलेली नाही? छातीत दुखतंय, पण ईसीजी नाही? 'रुग्णाने नेण्यास नकार दिला' असं जिथे असेल, तिथे त्याच पत्त्यावरून दोन दिवसांत पुन्हा फोन आला का, ते तपासा. मला सगळ्यात जास्त त्रास या कागदांनी दिलाय.

रुग्णालयाच्या दारात गाड्या किती वेळ अडकून पडतात, हेही बघा. तो दोष दलाचा नसला तरी पुढच्या कॉलला गाडी नसते.

शेवटी केंद्रात जा, पाळी बदलताना. तुम्ही नेलेल्या रुग्णाचं पुढे काय झालं हे तुम्हाला कोणी कळवतं का, एवढंच विचारा. मी गाडीवर होते तेव्हा आम्हाला कधीच कळलं नाही.