‘क्रूझ लागत नाही’ असं जॉब कार्ड हातात आलं तर

समृद्धी महामार्ग सुरू झाल्यापासून आमच्या संभाजीनगरच्या गॅरेजांत ‘क्रूझ लागत नाही’ ही तक्रार वाढली आहे. क्रूझ म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरवर पाय न ठेवता गाडी ठरवलेल्या वेगात ठेवणारी सोय. शहरात ते बटण कुणी वर्षानुवर्षं दाबत नाही. नागपूरला निघाल्यावर दाबलं की बिघाड कळतो. आयटीआय करून नुकती लागलेली मुलं असं जॉब कार्ड मिळताच स्टिअरिंगचं कव्हर उघडायला धावतात. ऑटो इलेक्ट्रिशियन म्हणून माझं सांगणं एवढंच, की आधी पायाखाली बघा.

जुन्या गाड्यांत क्रूझचं वेगळं यंत्र असायचं. राल्फ टीटर या अंध अमेरिकन इंजिनिअरच्या कल्पनेतून आलेली ही सोय १९५८ च्या क्रायसलर गाड्यांत पहिल्यांदा मिळाली. पुढे बरीच वर्षं व्हॅक्यूमवर चालणारी डबी केबलने थ्रॉटल, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप, ओढायची. आता थ्रॉटलची मोटर थेट ईसीएमच्या, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरच्या, हातात असते. त्यामुळे साध्या क्रूझमध्ये बटणं सोडली तर बदलायला वेगळा असा पार्ट जवळपास नसतोच. ब्रेक, क्लच, वेग, बटणं यांपैकी एकाकडून जरी ईसीएमला चुकीचा निरोप आला, तरी तो क्रूझ नाकारतो. नाकारायला कोण लावतंय, तेवढं शोधायचं.

सुरुवात मालकाला विचारण्यापासून. मीटरमध्ये क्रूझची खूणच येत नाही, की खूण येते पण ‘सेट’ घेत नाही, की लागून मध्येच सुटतं? खूण येत नसेल तर बटणं, क्लॉक स्प्रिंग (फिरत्या स्टिअरिंगवरच्या बटणांना आणि एअरबॅगला गाडीच्या वायरिंगशी जोडणारी गुंडाळलेली पट्टी) किंवा फ्यूज. खूण येऊन सेट होत नसेल तर ब्रेक, क्लच किंवा वेगाचा सिग्नल. खड्ड्यावरून गेल्यावर सुटत असेल तर ब्रेक स्विच अगदी काठावर बसवलेला असण्याची शक्यता मोठी. आणि गाडी बऱ्या वेगात आहे ना, हेही विचारा. बहुतेक गाड्यांत साधारण ताशी ४० किलोमीटरच्या खाली क्रूझ लागत नाही. काहीजण स्पीड लिमिटर (ठरवलेल्या वेगापुढे गाडी जाऊ न देणारी वेगळी सोय) चालू करून क्रूझची वाट बघत बसतात! अशा गाडीला पाना लावायची गरज नाही.

मग ब्रेक स्विच. यात सहसा दोन सर्किटं असतात. पाय पेडलवर नसताना दिव्याचं सर्किट तुटलेलं आणि ईसीएमकडे जाणारं दुसरं जोडलेलं. पेडल दाबलं की उलट. दोन्ही एकदमच बदलायला हवीत. नाही बदलली तर ईसीएमला ब्रेकचा भरवसा राहत नाही, आणि बऱ्याचदा पी०५०४ हा कोड येतो. पण कोड आला म्हणून लगेच स्विच मागवू नका. स्कॅनरवर लाइव्ह डेटा उघडा, पेडल अगदी हळू दाबा आणि दोन्ही ओळी कधी बदलतात ते बघा. मागचे ब्रेक लाइट लागतायत, म्हणजे स्विच चांगला, हा समज इथेच खोटा ठरतो. दिवे एका सर्किटवर पेटतात, दुसरं मेलेलं असू शकतं.

काही गाड्यांत पेडलच्या दांड्यावर एक छोटा रबरी किंवा प्लॅस्टिकचा स्टॉपर असतो. तो जुना होऊन तुटला की स्विचचा दट्ट्या मोकळा सुटतो आणि गाडीला वाटतं, ब्रेक सतत दाबलेला आहे. अशा गाडीची तक्रार ‘बॅटरी उतरते’ अशी येते, कारण ब्रेक लाइट रात्रभर जळत असतात. मॅट उचलून बघा, स्टॉपरचे तुकडे तिथे सापडतात. मॅन्युअल गिअरच्या गाडीत क्लचचा स्विचही याच पद्धतीने तपासा.

बटणांकडे जायचं ते यानंतर. बऱ्याच गाड्यांत सगळी बटणं एकाच वायरवर असतात; प्रत्येकाचा रेझिस्टन्स वेगळा, म्हणून ईसीएमला वेगळा व्होल्टेज दिसतो. एकाने बटण धरून ठेवायचं, दुसऱ्याने स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायचं. आकडा उड्या मारत असेल तर क्लॉक स्प्रिंग गेली. त्याच वेळी हॉर्न मधूनमधून बंद पडतो किंवा एअरबॅगचा दिवा लागतो का, हेही विचारून ठेवा.

आता कडक बोलतो. एअरबॅग काढण्याआधी इग्निशन बंद, बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढलेलं, आणि मॅन्युअलमध्ये दिलेली वेळ थांबायचंच. एअरबॅगच्या वायरींवर टेस्ट लॅम्प किंवा ओहममीटर लावायचा नाही, उस्तादाने सांगितलं तरी नाही. ईसीएमच्या सिग्नल वायरींवरही टेस्ट लॅम्प नको, मल्टिमीटर वापरा. चाकं सरळ ठेवून नवी क्लॉक स्प्रिंग मधोमध सेट करूनच बसवा, नाहीतर पहिल्याच पूर्ण वळणात आतली पट्टी तुटते.

चेक इंजिन किंवा एबीएसचा दिवा लागलेला असेल तर हे सगळं बाजूला ठेवून आधी तो बिघाड काढा. अनेक गाड्या अशा वेळी मुद्दामच क्रूझ बंद ठेवतात. चाकाजवळची एबीएसची वायर उंदराने कुरतडली, की वेगाचा सिग्नल बिघडतो आणि तक्रार क्रूझची येते.

ट्रायलला दोघांनी जा. एक गाडी चालवेल, दुसरा स्कॅनर बघेल. चालवणाऱ्याने स्क्रीनकडे बघायचं नाही. काही गाड्यांत शेवटी क्रूझ का सुटलं याचं कारणही लाइव्ह डेटामध्ये मिळतं, ते घरी परतायच्या आत टिपून घ्या.

पुढे रडार असलेलं अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ, म्हणजे पुढच्या गाडीपासून आपोआप अंतर राखणारं, असेल तर बंपर नुकताच रंगवलाय का, पुट्टी भरलीय का, समोर काही बसवलंय का, हे आधी विचारा. रडार हलवलं असेल तर ते कॅलिब्रेट करावं लागतं. त्याची साधनं आपल्याकडे नसतील तर गाडी साधनं असलेल्या ठिकाणी पाठवा, आणि आपण काय काय तपासलं ते कागदावर लिहून सोबत द्या.