जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात वरिष्ठ सहायक (लेखा) म्हणून काम करताना

समाजकल्याण विभागाच्या लेखा टेबलावर बदलीने किंवा पदोन्नतीने आलेल्या वरिष्ठ सहायकाला पहिल्या आठवड्यात एकच घाई असते, ती म्हणजे समोर साचलेली देयके उरकण्याची. ही घाई आवरावी आणि आधी कार्यभार नीट ताब्यात घ्यावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. कार्यभार यादीत नस्त्यांची (फायलींची) आणि कपाटांची संख्या असते. पैशांची स्थिती बहुधा नसते. म्हणून कार्यभार घेण्याच्या दिवसाची रोखवहीतील शिल्लक, त्याच दिवसाची बँक खात्यांतील शिल्लक, न वटलेले धनादेश, समायोजन न झालेल्या तसलमाती (आगाऊ दिलेल्या रकमा) आणि अनुपालन बाकी असलेले लेखाआक्षेप या पाच गोष्टी स्वतंत्र कागदावर लिहून घ्याव्यात आणि त्यावर देणारा व घेणारा अशा दोघांच्या सह्या असाव्यात. दोन वर्षांनी एखादा मुद्दा निघाला, तर तो कोणाच्या काळातील आहे हे या एका कागदावरून ठरते.

त्यानंतर पैसा कोठून येतो हे समजून घ्यावे, कारण या विभागात एकाच कामाच्या वाटणाऱ्या रकमा प्रत्यक्षात वेगवेगळ्या उगमांतून आलेल्या असतात आणि प्रत्येकीचा नियम निराळा असतो. पहिला उगम जिल्हा परिषदेच्या स्वउत्पन्नाचा, ज्याला आपण बोलताना सेस म्हणतो. त्यातील २० टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवावी लागते. हा वाटा त्या वर्षात खर्च झाला नाही तर तो संपत नाही. तो अनुशेष म्हणून पुढच्या वर्षाच्या तरतुदीत वेगळा मिळवावा लागतो. अंदाजपत्रक तयार होत असताना अर्थ विभागाकडे ही मागणी लेखी नोंदवणे हे आपले काम आहे. ते कोणी आठवणीने करील असे धरून चालू नये. दुसरा उगम शासनाच्या अनुदानाचा, म्हणजे लेखाशीर्ष (अंदाजपत्रकातील खर्चाचे सदर) २२२५ खाली येणाऱ्या योजनांचा आणि जिल्हा वार्षिक योजनेतील अनुसूचित जातींसाठीच्या निधीचा. काही योजनांत केंद्राचा हिस्साही असतो. आंतरजातीय विवाह प्रोत्साहनाचे ५०,००० रुपये हे त्याचे नेहमीचे उदाहरण असून त्यात केंद्र व राज्याचा वाटा निम्मा निम्मा आहे.

या सगळ्यासाठी विभागात अनुदान नोंदवही असते, पण ती वापरात असेलच असे नाही. नसेल तर आपण सुरू करावी. प्रत्येक योजनेला प्रत्येक आर्थिक वर्षासाठी एक स्वतंत्र पान द्यावे आणि त्यावर शासन निर्णयाचा दिनांक, लेखाशीर्ष, बीडीएसवर (शासनाच्या निधी वितरण संगणक प्रणालीवर) प्राप्त तरतूद, कोषागारातून रक्कम काढल्याचा दिनांक, झालेला खर्च, शिल्लक आणि दिलेली उपयोगिता प्रमाणपत्रे (निधी ठरलेल्या कामावर खर्च झाल्याचे दाखले) यांचे रकाने आखावेत. पानाच्या डोक्यावर लाल शाईने खर्चाची अंतिम तारीख लिहावी. जिल्हा परिषदेला जिल्हा वार्षिक योजनेचा निधी खर्च करण्यास मिळाल्याच्या पुढील वर्षाच्या मार्चअखेरपर्यंत मुदत असते, म्हणजे २०२४-२५ चा निधी ३१ मार्च २०२६ पर्यंत. ही मुदत ऐकायला ऐसपैस वाटते. प्रत्यक्षात अनुसूचित जातींच्या वस्तीतील रस्ता, गटार किंवा समाजमंदिर यांसारख्या कामांत प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, ग्रामपंचायतीकडून काम, मोजमाप पुस्तिकेतील नोंदी आणि मग देयक असा क्रम असल्याने पहिले वर्ष मान्यतांतच सरते. म्हणून दुसऱ्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून दर महिन्याला जिल्हा समाजकल्याण अधिकाऱ्यांपुढे शिल्लक निधीची एक पानी टिपणी ठेवावी. निधी शासनाकडे परत गेला की वस्तीतील गटार तसेच राहते, आणि त्या नस्तीवर आपली टिपणी नसेल तर विलंबाचे कारण शोधत बसावे लागते.

देयक तपासताना मंजुरीचा आदेश, मागणीची रक्कम आणि शिल्लक तरतूद या तिन्हींचा मेळ लागल्याशिवाय पुढे जाऊ नये. अर्थ विभागाने त्रुटी काढून देयक परत पाठवले की आठ-दहा दिवस जातात; त्या त्रुटी आपल्याच टेबलावर निघाल्या तर अर्ध्या तासात दुरुस्त होतात. कपातींबाबत फार लिहीत नाही. आयकर कपात, अडीच लाखांवरील कंत्राटी कामांवरची दोन टक्के जीएसटी कपात आणि बांधकामावरील एक टक्का कामगार उपकर वेळेत भरून चलनाची प्रत प्रमाणकाला (व्हाउचरला) लावावी, म्हणजे पुरे.

या टेबलावरचे खरे जोखमीचे काम आहे ते लाभार्थ्यांच्या खात्यांवर पैसे पाठवण्याचे. डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयानंतर वैयक्तिक लाभाच्या बहुतेक योजनांत वस्तूऐवजी रक्कम थेट खात्यावर दिली जाते, आणि त्यामुळे वस्तू खरेदीतील बरेच प्रश्न संपले. पण आता सगळी भिस्त एका यादीवर आली. नाव, खाते क्रमांक आणि आयएफएससी (बँक शाखेचा संकेतांक) या तीन रकान्यांतील एका अक्षराच्या चुकीने रक्कम अडते. १ एप्रिल २०१९ रोजी देना बँक बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाली आणि पुढे खेड्यांतील असंख्य खात्यांचे संकेतांक बदलले. मे २०२५ मध्ये राज्यातील दोन ग्रामीण बँका एक झाल्या. लाभार्थी मात्र अर्जाला जुन्याच पासबुकाची झेरॉक्स जोडतात, कारण त्यांच्याजवळ तेच असते. आंतरजातीय विवाहाच्या प्रकरणात संयुक्त खाते लागते आणि पत्नीच्या आधारवर माहेरचे नाव, विवाह प्रमाणपत्रावर सासरचे, तर पासबुकावर आणखी तिसरे असे आढळते. यादी बँकेकडे जाण्यापूर्वी प्रत्येक ओळ मूळ पासबुकाच्या प्रतीशी दोघांनी मिळून ताडावी. एकाने मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने पाहावे. ही जुनी पद्धत संगणकाच्या काळातही तितकीच उपयोगी आहे.

मी या कामात नवीन असताना एका यादीतील अकरा रकमा बँकेतून परत आल्या. आम्ही त्या रोखवहीत जमा बाजूला नोंदवल्या, ताळमेळ जुळला आणि आमच्या लेखी विषय मिटला. चार महिन्यांनी दिव्यांग मुलाची आई कार्यालयात आली. तिच्या हातात पासबुक होते आणि त्यावर तिने तारखांना पेनने टिंबे केली होती. ज्या ज्या दिवशी बँकेत जाऊन नोंद भरून आणली, ते ते दिवस. ती तालुक्याहून एसटीने चौथ्यांदा आली होती आणि आधीच्या तीन वेळी तिला ‘पैसे पाठवले आहेत’ असे सांगण्यात आले होते. सांगणाराने खोटे सांगितले नव्हते, कारण खर्चाच्या नोंदीत ती रक्कम दिलेलीच दिसत होती. त्या आठवड्यात मी परत आलेल्या रकमांची वेगळी नोंदवही उघडली आणि नंतर ज्या ज्या टेबलावर गेलो तेथे ती सोबत नेली.

तिचे रकाने साधे आहेत: लाभार्थ्याचे नाव, योजना, रक्कम, पाठवल्याचा दिनांक, परत आल्याचा दिनांक, बँकेने दिलेले कारण, लाभार्थ्याला दूरध्वनी केल्याचा दिनांक, आणि पुन्हा पाठवल्याचा दिनांक. बँकेचे विवरण दर सोमवारी मागवावे; महिनाअखेरची वाट पाहिली तर परत आलेली रक्कम तीन आठवडे कोणाच्याच लक्षात येत नाही. दूरध्वनी लागला नाही तर ग्रामसेवकांमार्फत (२०२४ पासून पदनाम ‘ग्रामपंचायत अधिकारी’) निरोप द्यावा आणि त्याची नोंद करावी. लेख्यांच्या दृष्टीनेही ही नोंदवही आवश्यक आहे, कारण परत आलेली रक्कम खर्चात धरून उपयोगिता प्रमाणपत्र दिले तर ते प्रमाणपत्र चुकीचे ठरते. योजनेच्या खात्यावर जमा झालेले व्याजही असेच वेगळे दाखवावे आणि शासनाकडे भरावे. ते योजनेचा पैसा समजून खर्च केल्याचा आक्षेप लेखापरीक्षणात वारंवार येतो.

लेखापरीक्षणाची तयारी वर्षभर थोडी थोडी करावी. स्थानिक निधी लेखापरीक्षा, महालेखापालांचे पथक आणि विधिमंडळाची पंचायत राज समिती हे तिघेही अखेर एकच कागद मागतात, तो म्हणजे खर्चामागचे प्रमाणक. महिना संपला की त्या महिन्याची प्रमाणके क्रमाने शिवून, त्यावर अनुदान नोंदवहीचा पान क्रमांक लिहून ठेवावा. जुन्या आक्षेपांचे अनुपालन करताना ‘नोंद घेतली आहे’ असे मोघम उत्तर देऊ नये. मूळ आदेश, पोहोच आणि बँकेचे विवरण यांच्या प्रती पृष्ठांकित करून जोडाव्यात. ग्रामपंचायतींकडे दिलेल्या निधीचे आक्षेप सर्वांत चिवट असतात, कारण सरपंच बदललेले असतात आणि ग्रामसेवकांची बदली झालेली असते. तेथे पत्रव्यवहार करत बसण्यापेक्षा पंचायत समितीच्या मासिक सभेच्या दिवशी यादी घेऊन स्वतः जावे. सगळे ग्रामसेवक एका छताखाली भेटतात, आणि पत्रांना वर्षभर न मिळालेली उपयोगिता प्रमाणपत्रे त्या एका दुपारी हाती पडतात.